गिऱ्हाईक आणि ग्राहक

दरवर्षी २४ डिसेंबरला आमच्या महाविद्यालयात राष्ट्रीय ग्राहक दिन पाळला जातो. १९८६ साली याच तारखेला ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून हा दिवस. सभागृहात फलक लागतात, वाणिज्य शाखेचे विद्यार्थी वजनमापातल्या फसवणुकीवर पथनाट्य करतात, पाहुणे येतात आणि 'ग्राहक हा राजा आहे' असे सांगून जातात. दुसऱ्या दिवशी महाविद्यालयाला नाताळची सुट्टी असते आणि आमच्या वस्तीत मनुस्मृती दहन दिन असतो. सोलापुरात शिकवू लागल्यापासून या दोन तारखा मी अशाच लागोपाठ पाहत आले आहे. एका दिवशी मी राजा असते आणि दुसऱ्या दिवशी १९२७ च्या महाडची आठवण काढते. मधे फक्त एक रात्र असते.

गेल्या डिसेंबरात ग्राहक दिनाचे भाषण माझ्यावर आले. ठरलेले पाहुणे ऐनवेळी आले नाहीत, आणि मराठीच्या बाईंना काय, कशावरही बोलता येते, असा आमच्याकडे समज आहे. मी दोन दिवस कायदा वाचला, टिपणे काढली, भाषण केले. टाळ्याही पडल्या. पण त्या टाळ्या मला खाऊ लागल्या, कारण जे वाचताना मनात आले होते त्यातले मी काहीच बोलले नव्हते. आमच्या घरात त्याच वर्षी एक प्रसंग घडून गेला होता. तो व्यासपीठावरून सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. तो पुढे सांगेनच. त्याआधी जरा मागे जावे लागेल.

माझी आजी मोहोळ तालुक्यातल्या एका गावची. ती दुकानाच्या पायरीखाली उभी राहायची. पैसे पायरीवरच्या फळीवर ठेवायचे आणि मागे सरायचे. दुकानदार त्यावर पाणी शिंपडून ते उचलायचा आणि मीठमिरची वरून पदरात सोडायचा. आजी हे सांगताना रडत नसे, उलट त्या दुकानदाराची नक्कल करून आम्हांला हसवत असे. तिचे एक वाक्य मात्र मी विसरले नाही. ती म्हणायची, ''मला आयुष्यात तराजूचा काटा कधी दिसला न्हाई.'' पायरीखालून तो दिसतच नव्हता. पावशेर म्हणजे दुकानदार म्हणेल ते.

ग्राहक चळवळीचे पहिले पाऊल वजनमाप तपासण्याचे. काटा बघा, शिक्का बघा, वेष्टनावरची किंमत वाचा, पावती मागा. हे सगळे बरोबरच आहे. पण काटा बघायचा तर तराजूजवळ उभे राहावे लागते. तिथपर्यंत पोहोचण्याचा हक्क ज्याला आहे त्यालाच हा उपदेश लागू पडतो. आपल्या कायद्याने हा हक्क सर्वांना आधीच मिळालेला आहे असे गृहीत धरले आणि पुढच्या पायरीपासून सुरुवात केली. माझा आक्षेप एवढाच आहे, पण तो लहान नाही.

भाषेपासून बघू. आमच्या बोलीत शब्द 'गिऱ्हाईक'. 'ग्राहक' हा संस्कृत शब्द फलकावरचा, कायद्यातला आणि भाषणातला. गिऱ्हाईक दुकानाशी घासाघीस करते, उधारी मागते, ओशाळते. शिवाय मराठीत 'गिऱ्हाईक करणे' म्हणजे एखाद्याची टर उडवणे. चारचौघांत ज्याची फजिती करायची तो गिऱ्हाईक. ग्राहकाचे असे कोणी करत नाही. एकाच मूळ शब्दाची ही दोन रूपे दोन वेगळ्या वस्त्यांत राहतात. १९८६ च्या कायद्याचे मराठी रूप ज्यांनी केले त्यांनी सहजपणे 'ग्राहक' निवडला असेल, पण शब्द कधी निव्वळ सहज निवडले जात नाहीत.

आता आपल्या साहित्याकडे येते. दलित समीक्षेने पाणवठा वाचला, देऊळ वाचले, शाळेतली वेगळी जागा वाचली. या प्रतीकांवर किती प्रबंध झाले, त्यातला एक माझाही आहे. पण दुकान आपण वाचले नाही. आत्मकथनांत दुकान आले की आपण ते 'तपशील' म्हणून ओलांडून जातो. पाण्याचा प्रश्न मानवी हक्काचा, देवळाचा प्रश्न समतेचा, आणि दुकान? तिथे पैसे देऊन वस्तू घ्यायची असते, म्हणजे ते केवळ आर्थिक! ही चूक आपली आहे, ती प्रस्थापितांच्या माथी मारता येणार नाही.

बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' पुन्हा उघडा. लाकडाची मोळी विकून आलेली महार बाई दुकानाच्या अंगणात अंतर राखून उभी राहते, पदर नीट ओढून घेते आणि पैशाची शिकेकाई मागायलाही किती लवते, ते वाचा. ती भीक मागत नाही. तिच्या मुठीत पैसा आहे. तरीही तिला विनवणी करावी लागते. दुकानदार मुलांना शिवाशिवीचा धडा त्याच अंगणात देतो, तिच्यासमोर. अर्थशास्त्राच्या पुस्तकात पैसा ही सर्वांत निःपक्षपाती वस्तू असते. त्याला जात नसते, ज्याच्या हातात असेल त्याचा तो. बेबीताईंचे हे एक पान त्या पुस्तकाला उत्तर आहे. पैसा महाराच्या हातातून निघताना पाण्याने धुतला जातो आणि मगच गल्ल्यात पडतो. त्याला जात असते म्हणूनच ना?

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. याच बेबीताईंनी पुढे फलटणला वस्तीत स्वतःचे छोटे दुकान चालविले. माल बांधून देण्यासाठी आलेल्या रद्दीतले कागद त्या वाचत. घरातल्यांपासून लपून लिहीत. आपल्या साहित्यातले एक महत्त्वाचे पुस्तक दुकानाच्या फळीवर, गल्ल्याच्या पलीकडच्या बाजूला बसून घडले, याचा अर्थ लावायला कोणी बसलेले मला दिसत नाही.

आमच्याच जिल्ह्यातल्या अक्कलकोट तालुक्यातले शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' १९८४ चे. त्यात चहाच्या हॉटेलात अस्पृश्यांसाठी वेगळी ठेवलेली कपबशी आहे, आणि तिच्याविरुद्ध पोलिसांत तक्रार करणारी शाळकरी पोरे आहेत. ती पोरे चहाचे पैसे देणारी गिऱ्हाइके होती. चहा वाईट होता अशी त्यांची तक्रार नव्हती. चहा तोच होता, किंमतही तीच होती. कप वेगळा होता. अशा तक्रारीसाठी पुढे दोन वर्षांनी आलेल्या ग्राहक कायद्यात रकाना ठेवला गेला का? नाही.

सर्वांत आधी वाचायला हवे होते ते बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. १९०१ साली मसूर स्टेशनवर उतरलेली मुले बैलगाडी करू पाहतात. गाडीवाल्यांना जात कळते आणि दुप्पट भाडे देऊ केले तरी कोणी तयार होत नाही. शेवटी एक जण तयार होतो तो अशा अटीवर की पोरांनीच गाडी हाकायची आणि तो बाजूने चालणार. म्हणजे भाडे दुप्पट आणि काम स्वतःच करायचे! या पुस्तिकेत काठेवाडातल्या एका शिक्षकाचे पत्रही बाबासाहेबांनी दिले आहे, १९२९ च्या 'यंग इंडिया'तले. बाळंतीण बायको तापाने फणफणलेली आहे. डॉक्टर दोन रुपये फी ठरवून येतो, पण वस्तीत पाऊल टाकत नाही. रोग्याला बाहेर आणवतो. थर्मामीटर एका मुसलमान गृहस्थाच्या हाती देतो, तो नवऱ्याच्या हाती, नवरा बायकोच्या. आणि त्याच वाटेने ते परत. दिव्याच्या उजेडात बघून तो न्यूमोनिया सांगतो. पुढे पुन्हा यायला तो तयार होत नाही. बाई मरते.

मी हे पत्र अनेक वर्षे वर्गात शिकवले, करुणेचे उदाहरण म्हणून. कायदा वाचल्यावर ते मला वेगळे दिसू लागले. इथे मोबदला ठरलेला आहे. सेवा देणारा आहे, घेणारा आहे. सेवा ज्या रीतीने दिली गेली त्या रीतीतच दोष आहे आणि त्यातून मृत्यू झाला आहे. आजच्या भाषेत ही सेवेतील त्रुटीची तक्रार आहे, आणि तिच्यात एक गोष्ट अधिक आहे: त्रुटीचे कारण.

आणि १९२० साली 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊ केले तरी 'केसरी'ने छापली नाही, हे तर आपल्या प्रत्येक वाचकाला तोंडपाठ आहे. तीही दुकानाचीच गोष्ट नव्हे काय?

बाबासाहेबांना हे पुरते कळलेले होते, आणि त्यांनी ते घटनेत लिहून ठेवले. आज जे घटनेचे कलम १५ आहे त्याच्या मसुद्यावर २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत चर्चा झाली. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांत प्रवेशाला जातीवरून अटकाव करता येणार नाही, असे त्यात होते. मद्रासचे एस. नागप्पा यांनी साधा प्रश्न विचारला: दुकान म्हणजे काय? धोब्याचे, न्हाव्याचे दुकान त्यात येते का? बाबासाहेबांनी उत्तरात सांगितले की दुकान म्हणजे केवळ आत पाऊल टाकण्याची जागा नव्हे. जो आपली सेवा लोकांपुढे ठेवतो, त्याच्याकडून ठरलेल्या अटींवर ती सेवा मागण्याचा हक्क, असा व्यापक अर्थ इथे आहे. डॉक्टरच्या दवाखान्यालाही तो लागू होतो. काठेवाडचा डॉक्टर त्यांच्या डोळ्यांपुढे असेल असे मला वाटते; पुरावा माझ्याकडे नाही. अस्पृश्यता नष्ट करणारे कलमही समितीने त्याच दिवशी मंजूर केले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगी शिक्षणसंस्थांविषयीच्या एका निकालात 'दुकान' शब्दाचा हा व्यापक अर्थ उचलून धरला. म्हणजे ते शब्द मेलेले नाहीत.

या विचारातून १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा आला. १९७६ पासून त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा. त्याचे सहावे कलम प्रत्येक ग्राहक दिनाच्या फलकावर असायला हवे. इतर गिऱ्हाइकांना नेहमीच्या व्यवहारात ज्या वेळी, ज्या ठिकाणी, ज्या अटींवर माल वा सेवा दिली जाते, त्याच वेळी, त्याच ठिकाणी, त्याच अटींवर ती देण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून नकार देणे हा गुन्हा आहे. तीच वेळ, तीच जागा, त्याच अटी! ग्राहकाच्या हक्काची याहून नेमकी व्याख्या मला १९८६ च्या कायद्यात सापडली नाही. हा भारताचा पहिला ग्राहक कायदा आहे. पण त्याला तसे कोणी म्हणत नाही. तो 'त्यांचा' कायदा.

मग १९८६ चा 'सर्वांचा' कायदा आला. त्यामागची चळवळ महाराष्ट्रात घडली, आणि तिचे ऋण नाकारण्याचा करंटेपणा मी करणार नाही. १९७२ च्या सुमारास मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीने लाटणी घेऊन मुंबईचे रस्ते दणाणून सोडले. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायत थेट खरेदी करून सभासद कुटुंबांना महिन्याचा किराणा वाटू लागली. भेसळ, साठेबाजी, काळाबाजार यांविरुद्ध हे लोक प्रामाणिकपणे लढले. पण हा लढा ज्या घरातून निघाला त्या घराला दुकानात खुर्ची मिळत होती. दुकानदार फसवतो, हे त्या घराचे दुःख. दुकानदार शिवत नाही, हे दुःख त्याच १९७२ साली, त्याच मुंबईत, दलित पँथरच्या रूपाने रस्त्यावर उतरले होते. हे दोन मोर्चे कधी एकमेकांत मिसळल्याचे निदान माझ्या वाचनात नाही. एकाच्या हातात लाटणे होते. दुसऱ्याच्या घरात लाटायला पीठ नव्हते. आमच्या जिल्ह्यात तर ते वर्ष दुष्काळी कामांचे आणि रेशनवरच्या तांबड्या मिलोचे.

म्हणून कायद्यातला ग्राहक जसा झाला तसा झाला. मोबदला देऊन वस्तू घेणारा, सेवा घेणारा, तो ग्राहक. फुकट सेवा घेणारा ग्राहक नाही. १९९५ च्या इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या निकालाने डॉक्टरांना कायद्याखाली आणले ही मोठीच गोष्ट झाली. पण जिथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात ती रुग्णालये बाहेर राहिली. नावनोंदणीचे किरकोळ पैसे घेतले तरी बाहेरच. जिथे काही रोगी पैसे देतात आणि काही मोफत असतात, तिथे मोफतवालेही आत येतात. दुसऱ्याच्या पैशाच्या आधाराने का होईना. आमच्या वस्तीतली माणसे कुठे जातात हे सोलापुरात कोणाला सांगायला नको. माझी आई तीस वर्षे विड्या वळत होती. तिच्या विड्यांतल्या खराब म्हणून किती काढायच्या हे चेकर ठरवायचा आणि तेवढी मजुरी जायची. माल सदोष आहे की नाही हे ठरविण्याचा अधिकार गल्ल्यामागच्या माणसाकडे असतो, हे तिला कायदा न वाचता ठाऊक आहे.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा आहे असे मानण्याची आपल्याला सवय लागली आहे. म्हणून थोडे दूर, पूर्व युरोपात जाऊन येऊ. तिथे १९८९ पर्यंत कम्युनिस्ट राजवटी होत्या. विकणारे सरकार एकच, माल कमी, रांगा लांब. हंगेरीचे अर्थशास्त्रज्ञ यानोश कोर्नाई यांनी १९८० साली 'टंचाई' याच नावाचा ग्रंथ लिहून दाखविले की टंचाईच्या व्यवस्थेत विकणारा राजा होतो आणि घेणारा याचक. आपल्याला यात नवे काय वाटणार? पायरीखाली उभ्या असलेल्या माणसासाठी भरलेले दुकानही टंचाईचेच असते. राजवटी कोसळल्यावर या देशांनी ग्राहक कायदे केले. रशियाने १९९२ च्या फेब्रुवारीत, हंगेरीने १९९७ मध्ये. पुढे युरोपीय संघात जायचे म्हणून ब्रसेल्सहून आलेली निर्देशांची चळत एकेका देशाने आपल्या कायद्यात उतरवून घेतली. कागद उत्तम झाले. रांगेतला माणूस ग्राहक झाला. पण तिथेही एक समाज पायरीखाली होता. तो रोमांचा.

ब्रसेल्सच्या त्या चळतीत २००० सालचा एक निर्देश होता. वंशावरून भेदभाव नोकरीत तर नकोच, पण लोकांसाठी खुल्या असलेल्या वस्तू आणि सेवा मिळण्यातही नको, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. त्याचे काय झाले हे बल्गेरियातल्या दुप्नित्सा या गावात दिसले. तिथे मुख्यतः रोमा लोकांची एक वस्ती आहे. १९९९ आणि २००० साली वीज कंपनीने त्या वस्तीतले सगळे मीटर सिमेंटच्या खांबांवर सहा ते सात मीटर उंच नेऊन बसविले. गावात इतरत्र मीटर १.७० मीटरवर, माणसाच्या डोळ्यांसमोर. कारण काय? तर त्या वस्तीतले लोक वीज चोरतात. एकेकाची चौकशी नाही, वस्तीच चोर. आपण किती वीज वापरली हे त्या वस्तीतल्या कोणालाही खाली उभे राहून वाचता येईना.

मला आजीचा तराजू आठवला.

तक्रार केली ती त्या वस्तीत किराणा दुकान चालविणाऱ्या एका बाईने. ती रोमा नव्हती. पण तिचे दुकान त्या वस्तीत, म्हणून तिचा मीटरही वर. ती ग्राहक कार्यालयात गेली नाही, भेदभावविरोधी आयोगाकडे गेली. प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयापर्यंत पोहोचले, 'चेझ' या कंपनीच्या नावाने. १६ जुलै २०१५ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की अशी पद्धत वस्तीवर कलंक लावणारी, अपमान करणारी आहे. ती भेदभाव ठरू शकते, आणि त्या वस्तीबरोबर ती सोसणारी, स्वतः रोमा नसलेली व्यक्तीसुद्धा दाद मागू शकते. भेदभाव झाला की नाही याचा शेवटचा निवाडा बल्गेरियाच्या न्यायालयावर सोपविला. पण मीटर कोणत्या उंचीवर आहे हा प्रश्न मीटर बरोबर चालतो की नाही याच्याइतकाच महत्त्वाचा आहे, हे तिथे मान्य झाले. आपल्याकडे मीटर बरोबर चालतो की नाही एवढेच विचारले जाते.

कारण २०१९ साली आपण जुना कायदा बाजूला ठेवून नवा केला, जुलै २०२० पासून तो लागू झाला, आणि त्यात बरेच काही आले. इंटरनेटवरची खरेदी आली, फसव्या जाहिराती आल्या, सदोष उत्पादनाची जबाबदारी आली, केंद्रीय प्राधिकरण आले. राहत्या गावी तक्रार करण्याची सोय आली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असे नाही. ही सोय गरिबाच्या कामाची आहे, हे मान्य करते. अनुचित व्यापारी प्रथांची यादीही वाढली: पावती न देणे, सदोष माल परत न घेणे, ग्राहकाची खासगी माहिती दुसऱ्याला देणे. याच यादीत आणखी एक ओळ घालता आली असती: जातीवरून, धर्मावरून सेवा नाकारणे अथवा वेगळ्या अटींवर देणे. ती घातली गेली नाही. कोणी तिला विरोध केला असेही नाही. ती कोणाला सुचली नाही, आणि मला विरोधापेक्षा याचीच चीड येते.

यावर आपलेच काही मित्र म्हणतील की नागरी हक्क कायदा आहे, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, मग ग्राहक आयोगाच्या दारात कशाला जायचे? आपला प्रश्न भरपाईचा नाही, प्रतिष्ठेचा आहे. हा युक्तिवाद मला मानी वाटतो, पण पुरा पटत नाही. फौजदारी कायद्याचा रस्ता पोलीस ठाण्यातून जातो. तिथे फिर्याद लिहून घेण्यापासून झगडा. आणि प्रत्येक अपमानासाठी माणसाला तुरुंगात पाठवावे असे अपमान झालेल्यालाही वाटत नसते. त्याला उत्तर हवे असते, कागदावरचे. ग्राहक आयोगात समोरच्याला लेखी उत्तर द्यावे लागते. १९५५ च्या कायद्याच्या बाराव्या कलमात एक मोलाची तरतूद आहे. अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत असे कृत्य घडले तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालयाने गृहीत धरायचे. तसे नाही हे समोरच्याने दाखवायचे. हे गृहीतक ग्राहक कायद्यात आले तर काय होईल याचा विचार करा.

आणि एक फट आजही आहे. सेवेतील त्रुटीची व्याख्या नीट वाचा. सेवेचा दर्जा, तिचे स्वरूप आणि ती देण्याची रीत, यांबाबत अमलात असलेल्या कोणत्याही कायद्याने जे पाळणे आवश्यक आहे, त्यात उणीव म्हणजे त्रुटी. कोणत्याही कायद्याने! १९५५ चा कायदा अमलात आहे. सेवा देण्याची रीत तो सांगतो: तीच वेळ, तीच जागा, त्याच अटी. दोन कायद्यांच्या मधली भिंत आपण समजतो तेवढी जाड नाही.

आता तो प्रसंग. मागच्या वर्षी धाकट्या बहिणीचे लग्न होते. शहरातले एक मंगल कार्यालय पाहिले, तारीख घेतली, आगाऊ रक्कम भरली, पावती घेतली. आमचे आडनाव असे की त्यावरून पटकन काही कळत नाही. महिन्याभराने पत्रिका छापून आल्या. वर तथागत आणि बाबासाहेब. भाऊ कौतुकाने एक पत्रिका व्यवस्थापकांना देऊन आला. तिसऱ्या दिवशी फोन आला: त्या तारखेला चुकून दुहेरी नोंदणी झाली आहे, क्षमस्व. भाऊ गेला तेव्हा त्यांनी रक्कम पुरी मोजून परत दिली, वर चहा दिला. चहाचा कप वेगळा नव्हता. कागदाचा होता, सगळ्यांनाच असतो तसा. लग्न वस्तीतल्या विहारापुढे मांडव घालून झाले आणि चांगले झाले. त्या दिवशी त्या कार्यालयात दुसरे कोणतेही लग्न नव्हते, हे भाऊ मुद्दाम बघून आला.

आई म्हणाली, ''पैसं परत दिल्यात की. आता भांडून काय मिळनार?''

माझा एक विद्यार्थी आता वकिली करतो. त्याला कागद दाखवले. तो म्हणाला, ''मॅडम, तक्रार टिकेल. पक्की नोंदणी रद्द केली, त्रुटी आहेच. मानसिक त्रासाचे काही हजार मिळतीलही.'' मी मसुदा लिहून नेला. त्याने तीन परिच्छेद वाचून मान डोलावली आणि चौथ्यावर थांबला. चौथ्यात मी पत्रिकेचे लिहिले होते, आणि सहाव्या कलमाचे. तो जरा चुळबुळला. तोही आपल्यातलाच पोरगा. म्हणाला, ''हे काढू या का, मॅडम? 'कोणतेही सबळ कारण न देता' असे लिहू. कारण लिहिले की ते सिद्ध करा म्हणतील, केस लांबेल. कारण न लिहिता आपण जिंकतो.''

कारण न लिहिता जिंकायचे! एवढे एक वाक्य त्याने सहज म्हटले आणि मला आपली सगळी आत्मकथने एका ओळीत उभी असलेली दिसली. बेबीताईंनी, लिंबाळ्यांनी कारण गाळून लिहिले असते तर काय उरले असते? एका बाईने शिकेकाई घेतली. दोन पोरांनी चहा प्याला. कायद्याच्या तक्रार अर्जाला साहित्य समजण्याचा दोष माझ्यावर येईल. मराठीच्या बाईंकडून दुसरी अपेक्षाही नाही. पण दुहेरी नोंदणीची तक्रार करणारी मी त्या अर्जात ग्राहक असेन, आणि पत्रिकेचे लिहिणारी मी गिऱ्हाईक. आयोगापुढे दोघींनी एकत्र उभे राहावे अशी माझी इच्छा आहे.

तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची असते. आमची पुढच्या एप्रिलपर्यंत आहे. मसुदा घरी आहे. आईने परवा तो वाचून घेतला. तिला वाचता येत नाही, मी वाचून दाखविला. चौथा परिच्छेद तिने दोनदा वाचायला लावला. मग म्हणाली, ''ही ऱ्हाऊ दे.'' वकिलाला तसे कळविले आहे. अर्ज चार परिच्छेदांचाच जाईल. तारीख पडली की याच पानांवर कळवीन.